केलेलं पुसता येतं तेव्हा

जादूचं सामान विकणारी एक अंध बाई. किती पैसे देताय, ते तुम्हीच टाइप करायचं. तीस मोहरांच्या मालाला एकच मोहोर दिलीत तरी तिला दिसत नाही. पडद्यावरही लगेच काही बिघडत नाही, मात्र आत तुमच्या प्रामाणिकपणाचा आकडा घसरलेला असतो. रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा ४' हा गेम १९८५चा. त्यात शेवटी मारायला कुणी खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, एवढंच. प्रामाणिकपणाची पायरी चढता चढेना, की ती बाई आठवते.

संगणकाला अर्थातच नीती-अनीती कळत नाही. त्याच्याजवळ असतात आकडे आणि 'हो-नाही'च्या खुणा, ज्यांना प्रोग्रामर फ्लॅग म्हणतात. म्हाताऱ्याला वाचवलं? हो. पुढचा संवाद ही खूण तपासून बदलतो. पण असे दहाच निर्णय खरोखर वेगवेगळ्या वाटांनी न्यायचे, तर १०२४ कथा लिहाव्या लागतील. म्हणून वाटा फुटतात आणि थोड्या अंतरावर गुपचूप पुन्हा एकत्र येतात. खेळाडूला पकडता आलं नाही, म्हणजे लेखक जिंकला.

'मास इफेक्ट' या गेमने (२००७) ही आकड्यांची वही उघड केली. सज्जनपणाचे गुण निळे, दांडगाईचे लाल. सौम्य उत्तर सहसा वर, उर्मट खाली. एका बाजूचे गुण साठले की त्या बाजूचे खास संवाद खुले होतात. मग वाक्य वाचायचं कशाला? जागा बघून बटण दाबायचं. चित्रगुप्ताची वही खेळाडूच्याच हातात दिली, तर दुसरं काय होणार!

तरीही माणूस सदसद्विवेक बाहेर ठेवून खेळायला बसत नाही. अँड्र्यू वीव्हर आणि निकी लुईस यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७५ जणांना 'फॉलआउट ३'चा सुरुवातीचा भाग खेळायला दिला. बहुतेकजण त्या आभासी पात्रांशी खऱ्या माणसांसारखे वागले. दुष्टपणा करणाऱ्यांना अपराधी वाटलं. गंमत म्हणजे, त्याने खेळातली मजा काही कमी झाली नाही.

खरी अडचण सेव्हची, म्हणजे खेळ जिथवर आला तिथे साठवून ठेवण्याच्या सोयीची. निर्णय चुकला? मागचा सेव्ह उघडा, दुसरं उत्तर द्या, झालं. पोलंडमध्ये तयार झालेल्या 'द विचर'ने (२००७) यावर साधा उपाय काढला: परिणाम लांबवला. सुरुवातीला एल्फ (परीकथांमधली माणसासारखी एक जमात) बंडखोरांना पेट्या नेऊ द्यायच्या की नाही, हे तुम्ही ठरवता. नेऊ दिल्या, तर कितीतरी तासांनी, दुसऱ्याच ठिकाणी, तुम्हाला हवा असलेला माणूस त्यांच्या हातून मेलेला असतो. आता मागे जायचं तर एवढा सगळा खेळ पुन्हा खेळावा लागेल.

'अंडरटेल' (२०१५) त्याच्याही पुढे गेला. तिथे सुरुवातीलाच मायेने सांभाळणारी टोरिएल भेटते. लढाईत तिला मारलंत, हळहळलात, सेव्ह न करता गेम पुन्हा सुरू केलात आणि या खेपेला तिला जिवंत सोडलंत. दाराबाहेर एक फूल वाट बघत असतं. तुम्ही आधी काय केलंत, ते त्याला माहीत असतं.