भिंतीवरचा जिवाणू माशासारखा का पोहत होता?

रविवारी भाचीला घेऊन ठाण्यातल्या एका मॉलमध्ये इमर्सिव्ह शो बघायला गेलो होतो. अंधारी खोली, चारही भिंतींवर आणि खाली जमिनीवर प्रोजेक्टरची चित्रं, आणि आपण पाण्याच्या एका थेंबात उभे. सुंदर होतं, खरंच. रंग कलाकाराचे होते त्याबद्दल माझी तक्रार नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो मुळात ब्लॅक अँड व्हाइटच असतात, रंग नंतर भरतात. पण प्रत्येक जिवाणू शेपटीचा एक झटका मारून नंतर आरामात पुढे तरंगत जात होता, ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये, कारण तसं होऊच शकत नाही.

ठाण्याच्या मासुंदा तलावात बोटिंग केलंय ना? पॅडल मारायचं थांबवलं तरी बोट थोडी पुढे जातेच. हे जडत्व, शाळेत शिकलोय. पण ई. कोलायसारखा जिवाणू असतो 2 मायक्रोमीटर लांब, मिलिमीटरचा पाचशेवा भाग, आणि एवढ्या लहान अंगाला जडत्व जवळपास नसतंच, पाण्याचा चिकटपणा सगळं खाऊन टाकतो. जडत्व भारी की चिकटपणा हे सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स नंबर. पोहणाऱ्या माणसासाठी तो लाखांच्या घरात जातो, जिवाणूसाठी एकाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी. म्हणजे त्याने शेपूट थांबवली की तो एका अणूच्या रुंदीएवढासुद्धा पुढे सरकत नाही, तिथेच थांबतो!

एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1977 मध्ये हे फार छान मांडलं. दोन झाकणांचा शिंपला घ्या, हळू उघडायचा आणि फाटकन मिटायचा. समुद्रात स्कॅलप नावाचा शिंपला असाच पोहतो. पण काकवीसारख्या चिकट जगात वेग कमीजास्त करून काही फायदा नाही, उघडताना जेवढा मागे तेवढाच मिटताना पुढे, पुन्हा मूळ जागी. पुढे जायचं तर जिचा व्हिडिओ उलटा चालवला की वेगळा दिसेल अशीच हालचाल पाहिजे. मग जिवाणू काय करतो, तर स्क्रू फिरवतो. त्याची शेपटी हलत नाही, गोल फिरते, बुडाशी प्रथिनांची खरीखुरी मोटर असते, ती बाहेरून आत येणाऱ्या प्रोटॉनवर चालते आणि सेकंदाला शंभरेक फेरे मारते. अंगावरच्या अशा सगळ्या शेपट्या एका दिशेने फिरल्या की त्यांची जुडी होऊन जिवाणू सरळ जातो, एखादी मोटर उलटी फिरली की जुडी सुटते, तो गडबडतो आणि नवी दिशा पकडतो.

  

घरी आल्यावर फोल्डस्कोप काढला, मनू प्रकाश या शास्त्रज्ञाचा तो कागदी मायक्रोस्कोप, आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी लावलं. पॅरामिशियम हा एकपेशीय जीव सापडला, जिवाणूपेक्षा शंभरेक पट मोठा, अंगभर हजारो बारीक केस. शेवाळाच्या धाग्याला धडकला, जागच्या जागी थांबला आणि मागे आला. भाची म्हणाली, "मामा, याने ब्रेक कसा मारला?" ब्रेक पाण्याचाच, आणि धडक बसताच कॅल्शियमचे आयन आत शिरतात, त्यामुळे सगळे केस उलट्या बाजूला वल्हवायला लागतात, हा रिव्हर्स. तेवढ्यात तो वळला आणि धाग्याच्या कडेने निघून गेला.