घुसखोरी-शोध, संगणकीय

परवानगी नसताना कोणी दूरवरून सर्व्हरमध्ये शिरले आहे काय, हे नोंदी (लॉग), फायलींतील बदल आणि नेटवर्कवरील रहदारी तपासून ओळखण्याची पद्धती.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. पुष्कळ अभ्यासक डॉरथी डेनिंग यांच्या १९८७ मधील निबंधापासून आरंभ धरतात. वापरकर्त्याच्या नेहमीच्या वर्तनाचे सांख्यिकीय चित्र आखून त्याहून वेगळे काही घडल्यास ते संशयास्पद समजावे, हे त्यातील प्रारूप. निबंध परिषदेत आला तो १९८६ मध्ये. मात्र जेम्स पी. अँडरसन यांच्या एप्रिल १९८० च्या अहवालात संगणकाच्या वापरनोंदी सुरक्षेच्या दृष्टीने कशा वाचाव्यात याची चर्चा आहे. दुसऱ्याच्या नावाने वावरणारा, अधिकाराचा गैरवापर करणारा आणि नोंदयंत्रणेला चुकवणारा ‘छुपा’ वापरकर्ता असे भेदही त्यांनी केले. कल्पना अँडरसन यांची, सर्वसाधारण प्रारूप डेनिंग यांचे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

छुप्या वापरकर्त्याचा प्रश्न किती खरा होता, हे १९८६ मध्येच दिसले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत आली. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांनी ती लावून धरली. घुसखोराने ईमॅक्स संपादकासोबतच्या ‘मूव्हमेल’ प्रोग्रॅममधील त्रुटीतून सर्वाधिकार मिळवले होते. अर्थात संगणकावरील नोंदी तो बदलू शकत होता. म्हणून स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या लाइनींनाच प्रिंटर जोडले. त्याने दाबलेली प्रत्येक कळ कागदावर उमटे आणि त्याला पत्ता लागत नसे. माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत, मार्कुस हेस याच्यापर्यंत पोचला.

आजही गाभा तोच आहे. लिनक्सवर ‘लास्ट’ ही आज्ञा पूर्वीचे लॉगिन दाखवते, पण ज्या फाइलमधून ती वाचते ती रूट अधिकार (यंत्रावरील सर्वाधिकार) मिळवणाऱ्याला पुसता येते. त्यामुळे लॉग त्याच क्षणी वेगळ्या यंत्रावर पाठवणे इष्ट. एसएसएच (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय) उघडे असलेल्या सर्व्हरवर फसलेल्या प्रयत्नांचा पाऊस असतोच, त्याने दचकण्याचे कारण नाही. अनोळखी पत्त्यावरून यशस्वी झालेले एखादेच लॉगिन, अधिकृत चाव्यांच्या फाइलमध्ये (जिच्यातील चावी असणाऱ्याला पासवर्डविना लॉगिन करता येते) वाढलेली ओळ किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) शिरलेले नवे काम यांना अधिक महत्त्व द्यावे. फायलींतील बदल टिपणारे ट्रिपवायर १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात तयार झाले, तर ज्ञात हल्ल्यांच्या खुणा रहदारीत शोधणारे स्नॉर्ट १९९८ मध्ये आले. खुणांवर भिस्त ठेवली की नवा हल्ला निसटतो. वर्तनावर ठेवली की खोट्या इशाऱ्यांचा सुकाळ होतो. खऱ्या घुसखोरीचे प्रमाण मुळातच अत्यल्प असल्याने अचूक यंत्रणेचेही बहुतेक इशारे खोटे ठरू शकतात, हे स्टीफन ॲक्सेलसन यांनी संभाव्यतेच्या आधारे मांडले.

भारतात सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.