अन्नसाखळीतला बाण कुणाकडे?

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. अन्नसाखळी म्हटलं की पाठ्यपुस्तकातलं हे चित्र डोळ्यांपुढे येतं. मधले बाण काढायला सांगितले की बरीच मुलं ते उलटे काढतात: बेडकाकडून नाकतोड्याकडे, सापाकडून बेडकाकडे. कोण कुणावर तुटून पडतं, ते त्यांना दाखवायचं असतं. पुस्तकातला बाण मात्र नाकतोड्याकडून बेडकाकडे जातो, कारण ऊर्जा कुणाकडून कुणाकडे गेली हे तो सांगतो. मुलांचे मार्क इथेच जातात. पुढे त्यांची बाजू घ्यायची आहे, पण आधी पुस्तकातल्या बाणाचं पाहू.

सुरुवात सूर्यापासून. हिरव्या पानांवर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम एक टक्का, बहुतेकदा त्याहूनही कमी, साखरेच्या रूपात साठवला जातो. त्यातला काही भाग झाड स्वतःच्या जगण्यासाठी वापरतं. उरलेल्यावर नाकतोड्याचा हक्क. तो खातो त्यातलं बरंचसं न पचता बाहेर पडतं, आणि पचलेल्यातलंही बरंचसं उड्या मारण्यात, श्वास घेण्यात, नुसतं जिवंत राहण्यात खर्च होऊन उष्णतेच्या रूपानं हवेत जातं. बेडकाच्या तोंडी लागतो तो फक्त नाकतोड्याच्या अंगात साठलेला भाग. बेडकाकडून सापाकडे जाताना पुन्हा हीच गळती.

या गळतीचा पहिला नीट हिशोब रेमंड लिंडेमन या तरुण शास्त्रज्ञानं मांडला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं सीडर बॉग लेक हे दलदलीतलं उथळ तळं त्यानं पाच वर्षं अभ्यासलं आणि त्यातल्या अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा येते, किती जाते, याचा ताळेबंद लिहिला. फार सैद्धांतिक आहे म्हणून त्याचा शोधनिबंध आधी नाकारला गेला. शेवटी १९४२ साली तो छापून आला, पण त्याच्या काही महिने आधीच, वयाची २७ वर्षंही पुरी न झालेला लिंडेमन आजारपणात वारला होता.

शाळेत शिकवला जाणारा ‘दहा टक्क्यांचा नियम’ याच कामातून पुढे आला: एका पायरीवरून दुसरीवर दहाएक टक्के ऊर्जा पोचते, बाकीची जाते. नियम हा शब्द मला जरा जास्तच वाटतो. लिंडेमनच्या स्वतःच्या तळ्यात वनस्पती खाणाऱ्यांसाठी हा आकडा सुमारे १३ टक्के आणि त्यांना खाणाऱ्यांसाठी सुमारे २२ टक्के निघाला होता. दहा हा लक्षात ठेवायला सोपा असा ढोबळ आकडा. त्यातही प्राण्याप्राण्यात मोठा फरक असतो. पक्षी आणि सस्तन प्राणी अंग गरम ठेवण्यासाठी इतकं जाळतात, की पचवलेल्या अन्नातला एक ते तीन टक्केच भाग त्यांच्या वाढीला आणि पिलांना मिळतो. थंड रक्ताचे कीटक आणि मासे याबाबतीत कितीतरी काटकसरी.

ढोबळ आकडा घेतला तरी चित्र स्पष्ट होतं. वनस्पतींकडे १००० एकक ऊर्जा असेल तर पुढच्यांना १००, मग १०, मग १. म्हणूनच साखळ्या सहसा चार-पाच कड्यांपलीकडे जात नाहीत आणि मोठे शिकारी संख्येनं नेहमी मोजकेच असतात. निळ्या देवमाशानं यातून वेगळी वाट काढली. पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा प्राणी साखळीच्या टोकाला जातच नाही. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती, ती खाणारे क्रिल हे कोळंबीसारखे जीव आणि त्यांना खाणारा देवमासा, अशा तीनच कड्या. मधले दलाल कमी, म्हणून पोट भरतं.

समुद्रात आणखी एक गंमत दिसते. काही ठिकाणी या सूक्ष्म वनस्पतींचं एकूण वजन त्यांना खाणाऱ्या प्राण्यांपेक्षा कमी भरतं. हिशोब चुकला की काय, असं वाटतं. पण या वनस्पती एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. गल्ल्यात रोकड थोडी, उलाढाल मात्र प्रचंड.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सहसा न दिसणारा एक जाडजूड बाणही आहे. जंगलातली बहुतेक पानं हिरवी असताना कुणी खातच नाही. ती गळतात, आणि बुरशी, जिवाणू, गांडुळं, वाळवी यांच्या वाट्याला येतात. त्यांच्यामुळे नायट्रोजन, फॉस्फरस पुन्हा मातीत जातात आणि झाडांना परत मिळतात. ऊर्जा मात्र परत येत नाही; तिचा रोजचा रतीब सूर्यालाच घालावा लागतो.

आणि साखळी तरी एकच कुठे असते? ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन तरुणपणी आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गन आणि बेअर आयलंड या बेटांवर गेले होते. तिथला ध्रुवीय कोल्हा उन्हाळ्यात पक्षी आणि त्यांची अंडी खातो, तर हिवाळ्यात ध्रुवीय अस्वलाच्या मागे फिरून त्यानं मारलेल्या सीलचं उष्टं खातो. एकच कोल्हा, पण तो जमिनीवरच्या साखळीतही आहे आणि समुद्राच्याही. १९२३ साली व्हिक्टर समरहेज यांच्यासोबत एल्टननी बेअर आयलंडवरच्या जीवांचा जो आराखडा छापला, त्यात रेषांचं चांगलंच जाळं झालेलं दिसतं.

ऊर्जा वर जाताना आटते, विष मात्र घट्ट होतं. १०० किलो किडे खाऊन १० किलो बेडूक तयार झाले, तर बाकीचे ९० किलो जळून किंवा विष्ठेवाटे निघून गेले. पण डीडीटी या कीटकनाशकासारखं रसायन चरबीत विरघळतं, सहजी जळत नाही आणि शरीराबाहेरही फारसं पडत नाही, म्हणून त्यातलं बरंचसं त्या १० किलोंतच राहतं. पुढच्या पायरीवर पुन्हा तेच. १९६७ साली ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्राहकांकडची बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासली, तेव्हा १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कवचं पातळ होत गेल्याचं दिसलं. डीडीटीचा वापर वाढला तो काळही हाच. औषध फवारलं पिकांवर, अंडी फुटली ती आभाळातल्या शिकाऱ्याची.

आता मुलांच्या उलट्या बाणाकडे येऊ. १९६३ पासून रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एका खडकाळ पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. शेजारचा पट्टा जसाच्या तसा ठेवला. तारामासे शिंपले खातात. ते गेल्यावर शिंपल्यांनी खडक बळकावला आणि त्या पट्ट्यातल्या १५ जाती ८ वर आल्या. ऊर्जा खालून वर गेली होती हे खरं, पण खाली कोण राहणार हे वरून ठरत होतं.

अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवर हेच फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथली समुद्री पाणमांजरं फरसाठी जवळजवळ संपवली गेली होती. १९११ च्या करारानं शिकार थांबली. १९७४ साली जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी पाणमांजरं परतलेल्या आणि न परतलेल्या बेटांची तुलना केली. जिथे ती होती तिथे केल्प या उंच समुद्रशेवाळाची दाट वनं होती. जिथे नव्हती तिथे अर्चिन नावाच्या काटेरी गोळ्यांनी तळ साफ चरून टाकला होता. पाणमांजर अर्चिन खातं, अर्चिन केल्प खातो: तीन कड्या असल्या तर हिरवं, दोनच उरल्या तर उजाड.

मग चौथी कडी आली तर? १९९० च्या दशकात तिथली पाणमांजरं पुन्हा झपाट्यानं कमी होऊ लागली. ऑर्का देवमासे त्यांना खाऊ लागले आहेत, असं एस्टिस आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडलं. त्यांच्या हिशोबानं एवढी घट व्हायला जेमतेम चार ऑर्का पुरेसे होते. अर्चिन वाढले, केल्पची वनं पुन्हा विरळ झाली. त्या ऑर्कांपैकी एकानंही केल्पला तोंड लावलं नव्हतं.