पिक्चरमधला आवाज शूटिंगचाच असतो? नाही हो!

हिरो चालला की बुटांचा टकटक आवाज येतो तो शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड झालेला असतो, असं अजूनही बरेच जण ठामपणे सांगतात. तसं नसतं. सेटवरचा माइक बोलण्याकडे रोखलेला असतो, त्यात पावलं, कपड्यांची सळसळ वगैरे नीट येतच नाही, मग नंतर स्टुडिओत एक माणूस पडद्यावरच्या पावलांना बघत बघत स्वतः बूट घालून फरशीवर, मातीवर, खडीवर चालतो, अगदी ठेका जुळेपर्यंत. याला फोली म्हणतात, युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोलीच्या नावावरून.

गंमत म्हणजे खरा आवाज बऱ्याचदा खोटा वाटतो 😄 बर्फावर चालायचा कर्रकर्र आवाज हवा तर कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून दाबतात, हाड मोडायला सेलरी नावाच्या भाजीचे देठ मोडतात, आणि घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या हा तर जुनाच जुगाड.

डायलॉगचंही तेच. हिंदीत कित्येक वर्षं कॅमेऱ्याच्या घरघरीमुळे आणि सेटवरच्या गोंगाटामुळे सगळं बोलणं नंतर डब व्हायचं, म्हणजे रडण्याचा सीन एसी स्टुडिओत माइकसमोर उभं राहून परत रडायचा! २००१ च्या 'लगान'ने सेटवरचाच आवाज वापरला तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली ती म्हणूनच.

आणि बॅकग्राउंड म्युझिक, ते तर बहुतेक वेळा एडिट झाल्यावर येतं. पुढच्या वेळी भुताचा पिक्चर म्यूट करून बघा, निम्मी भीती तिथेच गळते.