क्यूबसीटीएल : क्लस्टरमधील घडामोडींची पाहणी

क्यूबरनेटीस या कंटेनर-व्यवस्थापन प्रणालीच्या (कंटेनर म्हणजे लागणाऱ्या सर्व गोष्टींसह बंदिस्त चालणारा प्रोग्राम) क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहात, काय चालले आहे, हे टर्मिनलवरून पाहण्याचे प्रमुख साधन. गूगलने क्यूबरनेटीस २०१४ मध्ये खुले केले आणि त्याची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली.

क्यूबसीटीएल स्वतः कोणत्याही नोडमध्ये (क्लस्टरमधल्या संगणकात) डोकावत नाही. ते एपीआय सर्व्हरला, म्हणजे क्लस्टरच्या मध्यवर्ती प्रवेशद्वाराला, विचारते आणि सर्व्हर ईटीसीडी या साठ्यातली नोंद दाखवतो. नोड अचानक बंद पडला तरी त्यावरचे पॉड (एकत्र चालणाऱ्या एक किंवा अधिक कंटेनरांचे गट) काही मिनिटे ‘रनिंग’ दिसतात ते यामुळेच. लॉगचे (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदींचे) मात्र वेगळे आहे : ते मागितले की सर्व्हर संबंधित नोडवर कंटेनर चालवणाऱ्या क्यूबलेट या प्रोग्रामकडून आणून देतो.

‘गेट पॉड्स’ या आज्ञेने स्थिती कळते, कारण कळत नाही. ‘पेंडिंग’मध्ये अडकलेल्या पॉडचा कंटेनर सुरूच झालेला नसतो, त्यामुळे लॉग शोधणे व्यर्थ, तिथे ‘डिस्क्राइब’ या आज्ञेच्या उत्तरात तळाशी येणारे इव्हेंट (घडामोडींच्या नोंदी) वाचावेत. मेमरी अपुरी आहे की इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) मिळत नाही, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते. ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ म्हणजे कंटेनर पुन्हापुन्हा कोसळतो आहे. पूर्वापार रचनेत क्यूबलेट आधी १० सेकंद थांबतो, मग दर वेळी दुप्पट, जास्तीत जास्त ५ मिनिटे. अशा वेळी साधा ‘लॉग्ज’ नव्या, जेमतेम उठलेल्या कंटेनरचा लॉग दाखवतो. आधीच्या कोसळलेल्याचा हवा असेल तर ‘प्रीव्हियस’ हा पर्याय जोडावा लागतो. नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. एक्झिट कोड १३७ दिसला तर प्रक्रिया बाहेरून मारली गेली असे समजावे (१२८ अधिक सिग्नल ९, म्हणजे सक्तीने बंद करण्याचा संकेत). मेमरीची मर्यादा ओलांडणे हे त्याचे नेहमीचे कारण.

इव्हेंट अल्पायुषी असतात : मूळ मांडणीत ते १ तासानंतर पुसले जातात. रात्री २ वाजता झालेल्या बिघाडाचे कारण सकाळी ‘गेट इव्हेंट्स’मध्ये सापडत नाही, म्हणून मोठ्या क्लस्टरमध्ये ते बाहेर साठवतात. शिवाय ही यादी वेळेनुसार लागलेली असेलच असे नाही; ‘सॉर्ट-बाय’ वापरावे, किंवा नवी ‘इव्हेंट्स’ ही उपआज्ञा. सीपीयू-मेमरीचा वापर दाखवणारी ‘टॉप’ ही आज्ञा मेट्रिक्स सर्व्हर हा आकडे गोळा करणारा घटक बसवल्याशिवाय चालत नाही.

कोणाला काय दिसावे हे आरबीएसी ही भूमिकेनुसार परवानग्या देणारी व्यवस्था ठरवते. त्यातील तयार ‘व्ह्यू’ भूमिकेला सीक्रेट (पासवर्डसारखी साठवलेली गुप्त माहिती) वाचता येत नाहीत, पण लॉग वाचता येतात. प्रोग्रामने पासवर्ड लॉगमध्ये छापला असेल, तर तोही.