डेंग्यूच्या विषाणूला पिकवतं कोण?

'डेंग्यूचा विषाणू प्रयोगशाळेत रोखला' अशी बातमी अधूनमधून येते. खोलात वाचलं तर कधी कधी कळतं, की औषधाने विषाणूला हातही लावलेला नाही. बंद पाडलंय ते आपल्याच पेशीतलं एखादं विकर (एन्झाइम).

डेंग्यूचा आरएनए जेमतेम 11 हजार अक्षरांचा. त्यावरून एकच लांबलचक प्रथिन बनतं आणि ते तुटून 10 प्रथिनं सुटतात. काही काप विषाणूचं स्वतःचं विकर घेतं, उरलेले बहुतेक पेशीचं सिग्नल पेप्टिडेज नावाचं विकर. या पेप्टिडेजचा एक घटक काढून टाकला की डेंग्यू, झिका, वेस्ट नाइल हे सगळे अडतात आणि पेशी मात्र जगते, हे 2016 मध्ये दिसलं.

पण मला वेड आहे ते फ्युरिनचं, म्हणजे आपल्या पेशीतल्या प्रथिनं कापणाऱ्या आणखी एका विकराचं. विषाणू नव्या पेशीत शिरतो तेव्हा पेशी त्याला एका पिशवीत गिळते. पिशवी आम्लयुक्त होते, त्या आम्लाने विषाणूवरचं ई प्रथिन उलगडतं आणि त्याचं टोक पिशवीच्या पटलात घुसतं. इथे एक पेच आहे. पेशीतून बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूलाही गॉल्जीचा (पेशीतल्या प्रथिनं तयार करून बाहेर धाडणाऱ्या विभागाचा) शेवटचा, आम्लयुक्त भाग ओलांडावा लागतो. ई तिथेच उलगडलं तर? म्हणून त्या टोकावर पीआर नावाचा तुकडा पेनाच्या टोपणासारखा बसवलेला असतो. गॉल्जीतल्या आम्लाने विषाणूवरचे 60 उभे काटे आडवे होतात, एरवी झाकलेली जागा उघडी पडते आणि फ्युरिन नेमकं तिथे कापतं. तरीही टोपण पडत नाही! आम्लात ते चिकटूनच राहतं. बाहेर उदासीन द्रवात आल्यावर गळतं. विषाणू पिकतो तो तेव्हा.

डेंग्यूमध्ये हे कापणं बरेचदा अर्धवट राहतं. पूर्ण कच्चे कण एरवी निरुपयोगी, पण जुन्या संसर्गातली प्रतिपिंडं चिकटली तर तेही प्रतिकारपेशींत शिरतात आणि उरलेलं काम तिथलं फ्युरिन पुरं करतं. चिकुनगुन्याचा विषाणू वेगळ्याच कुळातला, पण त्याच्या आवरणावरचं प्रथिनही फ्युरिनच कापतं.

मग फ्युरिनच बंद करावं? विषाणू बदलत राहतो, आपलं विकर बदलत नाही, म्हणून कल्पना मोहक आहे. पण फ्युरिन आपली कितीतरी वाढघटक प्रथिनंही कापून तयार करतं; ते नसलेले उंदीर गर्भातच मरतात.

पेशीत विषाणू थांबला म्हणजे रुग्ण बरा झाला, असं मानणाऱ्या मथळ्यांनी सेल्गोसिव्हिर या औषधाची गोष्ट वाचावी. ते आपल्या पेशीतल्या ग्लुकोसिडेज विकराला अडवतं. उंदरांमध्ये उत्तम चाललं. सिंगापूरमध्ये 50 रुग्णांवर चाचणी झाली. 2014 च्या निष्कर्षांत ना विषाणू लक्षणीय घटला, ना ताप. रुग्ण डॉक्टरकडे पोचतो तोवर रक्तातल्या विषाणूचं प्रमाण बहुधा शिखर गाठून उतरणीला लागलेलं असतं, ही त्यातली एक मोठी अडचण.