दुबईचं कार्ड रत्नागिरीत चालत नाही

दापोली-खेडपासून राजापूरपर्यंत घरटी एक माणूस आखातात, आणि घरोघरी एकच समजूत: "कंपनीचा विमा आहे ना, मग इथे वेगळा कशाला?" काही जण तर ठासून सांगतात की परदेशात राहणाऱ्याला भारतातला आरोग्य विमा घेताच येत नाही. दोन्ही चूक.

दुबईत 2013च्या कायद्याने कामगाराचा विमा मालकानेच काढायचा असतो. बायकामुलं तिथे असतील, तर त्यांचा विमा व्हिसा काढणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्याच डोक्यावर. गावातल्या आईवडिलांचा यात संबंधच नाही. कमी पगारवाल्यांच्या मूळ योजनेला वर्षाला दीड लाख दिरहॅमची मर्यादा आहे आणि ती अमिरातीपुरतीच. गणपतीला घरी आलात आणि अपेंडिक्स उठलं, तर रत्नागिरीच्या काउंटरवर ते कार्ड नुसतं प्लास्टिक. महागड्या योजनांत भारत असतो कधीकधी, पण बहुधा आधी खिशातून भरा, मग बिलं पाठवा. म्हणून लाभांच्या तक्त्यात 'उपचाराचं क्षेत्र' ही ओळ आधी वाचा. हप्ता नंतर.

नोकरी सुटली की हा विमाही जातो. पन्नाशीत मधुमेह घेऊन परतल्यावर इथली पॉलिसी काढलीत, तर जुन्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तीच आखातात असतानाच काढली, तर तो काळ तिकडेच सरतो. अनिवासी भारतीयाला ती रीतसर मिळते. मात्र ती बहुधा भारतातल्याच उपचारांना लागू असते, तेव्हा तिच्या भरवशावर तिकडचं कार्ड सोडू नका.